मागील पानावरून पुढे

एप्रिलमध्ये मतदान झालं.
चौकातले तंबू उतरले,
वाटाण्याच्या सुपासाठी भाड्याने आणलेली पातेली परत गेली.
ज्या फळ्यांवर सत्तावीस चेहरे हसत होते
त्या आता नगरपालिकेच्या गोदामात आहेत, तोंडं भिंतीकडे.
सगळ्यांच्या पाठीमागे तेच तळं होतं,
फोटोवाला एकच, लाकडी धक्काही एकच.

तळं जागच्या जागी राहिलं.

मी इथला कारकून. सभेचं इतिवृत्त लिहितो.
सभेत बोलायचा अधिकार मला नाही, आणि खरं सांगायचं तर
एकोणीस वर्षांत त्याची आठवणही झाली नाही.

दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी
लेम्पी याउहिआइनेन येते.
शाळेची बस चालवायची, आता निवृत्त.
पायपुसण्यावर बूट दोनदा आपटते,
आणि नागरिकांसाठी राखलेल्या तीन मिनिटांतलं
जेमतेम अर्धं मिनिट वापरते:
'एकशे बारा.'
पुढच्या महिन्यात, 'एकशे आठ.'
पांढरी थाळी दोरीला बांधून पाण्यात सोडायची,
दिसेनाशी झाली की दोरी चिमटीत धरायची
आणि सेंटिमीटर मोजायचे. हिवाळ्यात बर्फाला भोक पाडून.
ती पोहायला शिकली तेव्हा थाळी तीन मीटरवर दिसायची म्हणे.
वरच्या दलदलीत जळणासाठी पीट खणतात,
तिथले चर थेट खाली उतरतात,
आणि पाणी आता कोऱ्या चहासारखं.

अध्यक्ष एइनारी रिस्सानेन मान हलवतात.
माणूस वाईट नाही. दलदलीत त्यांच्या मेव्हण्याचं यंत्र आहे,
पण तसं प्रत्येकाचं कुणी ना कुणी तिथे आहेच.
माझ्या मुलाचा पहिला पगार तिथलाच.
मी लिहितो: नोंद घेतली.
लिहून लिहून हे दोन शब्द इतके गुळगुळीत झालेत
की त्यांच्यावरून काहीही घसरून जातं.

शरदात नवी संगणक प्रणाली आली.
ज्या विषयावर वर्षभर निर्णय नाही
तो ती आपणहून गाळते, पण त्याआधी अदबीने विचारते:
पुढे न्यायचा आहे का?
न्यायचा असेल तर चौकटीत खूण.
पहिल्यांदा मी खूण केली ती सवयीने.
दुसऱ्यांदा, बाई एवढ्या लांबून येते म्हणून.
तिसऱ्यांदा का केली
ते गाडीच्या काचेवरचं दहिवर खरवडत बसलो तरी सांगता येईना.

फेब्रुवारीत लेम्पी घसरून पडली. खुबा मोडला.
विषय क्रमांक सात आला.
हीटरची घरघर तेवढी.
अध्यक्षांनी पायपुसण्याकडे पाहिलं.
'पुढचा विषय,' म्हणाले, आणि मग स्वतःच अडखळले:
'गेल्या वेळी किती होतं?'
पंधरा माणसं. दर महिन्याला ऐकलेलं.
एकाला आठवेना.
मला आठवत होतं. मी पेनचं टोपण लावलं, काढलं.

शनिवारी बसवाल्याने थाळी आणून दिली,
प्लॅस्टिकच्या पिशवीत, दवाखान्याच्या कागदावर चिठ्ठी:
'पहिल्या गाठीपासून मोज. अंदाजाने सांगू नकोस.'

रविवारी तळ्यावर मी आणि शेजाऱ्याचं ड्रिल.
हातमोजा काढल्यावर बोटं परकी झाली.
थाळी उतरली: पांढरी, पिवळी, तपकिरी,
मग नुसतं भोक.
अठ्ठ्याण्णव.
पुन्हा सोडली. अठ्ठ्याण्णव.
शंभर निघालं असतं तर बरं वाटलं असतं, का कोण जाणे.

मार्चच्या विषयपत्रिकेत टंकलं:
'७. तळ्याचं पाणी. अठ्ठ्याण्णव. मागील पानावरून पुढे.'
पुढच्या निवडणुकीला तीन वर्षं आणि एक महिना.

संध्याकाळी अध्यक्षांचा फोन.
'हा आकडा कुणी काढला?'
मी म्हणालो, दोरीने.
बराच वेळ ते बोलले नाहीत,
आणि फोनही ठेवला नाही.